बुटक्यांच्या शेगड्या

लुब्लिन, ३ जानेवारी २००२

प्रिय इरेक,

आज माझा नामदिन, माझ्या नावाच्या संतिणीचा सण, आणि तुझं कार्ड नेमकं आजच आलं. पाकिटातली नाताळची पापडी वाटेत मोडली होती. पण ती मोडूनच खायची असते, तेव्हा टपालवाल्यांनी अर्धं काम केलं म्हणायचं. तुझ्या आईनं, फेलानं, आणि मी मिळून तुझ्या नावानं खाल्ली. फेला आता जिना चढताना दोनदा थांबते. तिला भेटायला ये असं मी लिहिणार नाही; लिहिलं की तू कामाचं निमित्त सांगतोस.

संस्थेच्या उंदीरघरात सगळं ठीक आहे. तुझ्या प्रयोगाचे बुटके एकोणीस उरलेत आणि एकोणीसही ठणठणीत. एक्केचाळीस नंबरचा म्हातारबा परवा चार वर्षांचा झाला. त्याच्याबरोबर जन्मलेली धिप्पाड भावंडं दोन-अडीच वर्षांत आटोपली, आणि हा अंगठ्याएवढा गोळा अजून सकाळी जाळीला लोंबकळून दाणा मागतो. केस चकचकीत, डोळे काळेभोर. मला त्याचा हेवा वाटतो. उंची माझीही लहानपणीच खुंटली होती, पण माझ्या गुडघ्यांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

त्याची दुसरी शेगडी नोव्हेंबरात मेली. तिसरी लगेच घातली. शेजारच्या पिंजऱ्यातली जाडजूड मादी, पिल्लांचं वय उलटलेली. तासाभरात म्हातारबा तिच्या पोटाखाली शिरून झोपला. बुटक्यांचं अंग मुळातच गार, नुसते आपापसात ठेवले तर पहिल्या थंडीत आखडून मरतात, हे मी तुला ब्याण्णव साली सांगितलं तेव्हा तू हसला होतास. मग पिंजऱ्यात हात घालून बघितलास आणि म्हणालास, "मावशी, ही तर शेगडीच की!" तेव्हापासून इथं सगळे त्या मादीला शेगडीच म्हणतात.

चोवीस डिसेंबरला दुपारी निघताना दरवर्षीसारखी सगळ्यांना गुलाबी पापडीची चिमूट दिली. माझ्या माहेरी गाईंना द्यायचे, मी उंदरांना देते. त्या दिवशी जनावरं बोलतात म्हणे. माझी अजून बोललेली नाहीत, आणि तेच बरं; बोलली असती तर पहिली तक्रार माझ्या तोंडाळपणाची केली असती.

तुझा लेख संचालक गवोरेकांनी काचेत घालून जिन्यात लावलाय. इंग्रजीत आहे. मी रोज बादली घेऊन त्याच्यासमोरून जाते, आणि एवढंच कळतं की पहिलं नाव तुझं आहे. ऊर भरून येतो. एक विचारायचं राहिलं: त्यात शेगड्यांचं लिहिलंस ना?

तुझी,
गेनिया मावशी

व्हिएन्ना, १७ फेब्रुवारी २००२

प्रिय मावशी,

उशिराबद्दल कान धर. इथं मला आता स्वतःची खोली मिळाली आहे, आणि दारावर माझं नाव लागलंय, तेही शुद्धलेखनाची चूक न करता. हे सगळं बुटक्यांमुळे, म्हणजे तुझ्यामुळे. लोक विचारतात, एवढे उंदीर एवढी वर्षं तुम्ही जगवलेत कसे? मी म्हणतो, माझी बाप्तिस्म्याची धर्ममाताच उंदीरघर सांभाळते. हसतात.

लेख इंग्रजीत आहे म्हणून हिरमुसू नकोस, तुला साध्यासरळ भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी असते. तिथून "वाढ!" असा निरोप रक्तात सुटतो. यकृत तो ऐकतं, आपल्या शब्दांत पुढं धाडतं, आणि हाडं, स्नायू, सगळे बांधकामाला लागतात. आपल्या बुटक्यांत तो निरोप सुटतच नाही. त्यामुळे ते लहान राहतात, पण थोड्याशा इन्सुलिनवर त्यांची साखर जिरते, आणि जी शक्ती बांधकामात गेली असती ती डागडुजीला उरते. उलट ज्यांच्यात हा निरोप मुद्दाम वाढवला होता ते दांडगे तुला आठवतच असतील. वर्षभरात पोक आलं, केस गेले आणि मेले. तेव्हा माझं म्हणणं एकच आहे: निरोप नाही म्हणून म्हातारपण उशिरा. एक कारण, एक परिणाम. इथल्या लोकांना असं स्वच्छ आवडतं.

राहणीची माहितीही लेखात दिली आहे, तू काळजी करू नकोस. आणि शेवटी आभारात तुझंही नाव आहे: "ग. पिर्कोश, प्राण्यांच्या देखभालीसाठी." आईला दाखव.

एक काम आहे. तुझ्या हातच्या सगळ्या वह्या मला पाठवशील? पिंजरे, जन्म, मृत्यू, सगळं. इथं नीट नकला करून घेतो आणि परत करतो.

तुझा,
इरेक

लुब्लिन, २१ एप्रिल २००२

प्रिय इरेक,

अकराही वह्या मिळाल्या असतील. कोणाच्या पिंजऱ्यात कोणती शेगडी कधी घातली, ते मी डाव्या पानावर लिहिते, हे तुला ठाऊक आहेच. पाचव्या वहीवर बिटाच्या साराचा डाग आहे, त्याबद्दल क्षमा.

गेल्या आठवड्यात पाहुणी आली होती. सेगेदची हंगेरियन डॉक्टरीण, एमेशे नावाची. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडून बुटक्यांचा वंश घेऊन गेलेली तीच. दिसायला साधी, पण नजर अशी की पिंजऱ्यामागची धूळसुद्धा दिसावी. तिचे निम्मे बुटके पहिल्याच हिवाळ्यात मेले म्हणे, आणि उरलेल्यांतला एकही तीन वर्षं गाठेल असं वाटत नाही. दुभाष्याकडून तिनं मला विचारलं, "तुम्ही काय वेगळं करता?"

गवोरेक शेजारी हाताची घडी घालून उभे. मी म्हटलं, "लेखात लिहिलंय तेच करते."

"मीही लेखात लिहिलंय तेच केलं," ती म्हणाली.

"मग पुन्हा नीट वाचा बाई!" मी म्हटलं. दुभाषा बिचारा लाल झाला. ती माझ्याकडं एकदा बघून निघाली. जाताना गवोरेकांना म्हणाली की हे आकडे खरे वाटत नाहीत. खरे वाटत नाहीत! तेवीस वर्षांत मी एका मेलेल्या उंदराला जिवंत लिहिलेलं नाही, आणि जिवंताला मेलेलं तर नाहीच. माझ्याकडं दुसरं काय आहे? ना डिग्री, ना पदक. मी लिहिलेली तारीख खरी असते, एवढंच.

तू त्या बाईला चांगलं खरमरीत उत्तर लिही.

तुझी,
गेनिया मावशी

व्हिएन्ना, २ जून २००२

प्रिय मावशी,

घाईत लिहितोय. त्या बाईनं आता संपादकांना पत्र लिहिलंय. काही विशेष नाही, अशी माणसं असतातच. दुसऱ्याचं झाड वाढलं की यांच्या अंगणात सावली पडते. पण यापुढं कुणी काही विचारलं तर तू उत्तर देऊ नकोस, माझ्याकडं पाठव.

आणि हो, तुझी पापडीची गोष्ट मी इथं जेवणाच्या टेबलावर सांगितली. सगळे लट्टू झाले! कधीपासून देतेस, कोणाकोणाला, केवढी, ते जरा सविस्तर लिहून पाठव ना. तुझ्या त्या खास शैलीत. मी सगळ्यांना वाचून दाखवीन.

इरेक

लुब्लिन, २५ जून २००२

प्रिय इरेक,

शुक्रवारी तुझा नामदिन, म्हणून हे पत्र त्या दिवशीच पोचेल अशा बेतानं टाकते. मोठा हो, म्हणजे अंगानं नको, तेवढं पुरे आहे.

वाचून दाखवायला मला लेखिकाच केलंस की रे! तर ऐका, व्हिएन्नाकरांनो. पहिली पापडी दिली ती एकोणनव्वद साली. त्या वर्षी बॉयलर बिघडला, मी कोट घालून पिंजरे झाडत होते, आणि मला वाटलं, आज सगळ्या जगात सण आहे, यांनीच काय घोडं मारलंय? खिशात जनावरांची गुलाबी पापडी होती, बाजारातल्या म्हातारीनं दोन जास्त दिल्या होत्या. एकेकाला चिमूटभर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. बुटक्यांना, थोरांना, शेगड्यांना, सगळ्यांना सारखी. तिथं मी भेद करत नाही. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नाही. दांडगे लगेच गट्ट करतात. बुटके आधी दोन हातांत धरून वास घेतात, मग कडेकडेनं कुरतडतात, जणू काही मोठ्या घरच्या विधवा. रोजचा दाणा मी काट्यावर तोलून घालते, तो त्या दिवशीही तेवढाच. पापडी ही सणाची, ती तोलायची नसते.

आता हसा सगळे. आणि त्यांना सांग की मला दरवर्षी वाटतं, या वेळी एखादा बोलेल.

तुझी,
गेनिया मावशी

लुब्लिन, १४ ऑक्टोबर २००२

इरेक,

ऑगस्टात लिहिलं, सप्टेंबरात लिहिलं, तुझं उत्तर नाही. व्हिएन्नाचं टपाल बुडालं की तू?

मला उंदीरघरातून काढलंय. पूर्ण नाही, चौकशी संपेपर्यंत. वरच्या मजल्यावर बसून जुन्या पावत्या फाइलींना लावते. चौकशी कशाची, तर मी प्रयोगाच्या प्राण्यांना परस्पर खाऊ घातला याची! गवोरेकांनी बोलावून विचारलं, "पिर्कोशबाई, तुम्ही नाताळला उंदरांना काही देत होता?" मी म्हटलं, देत होते, लपवायला काय आहे? तर म्हणाले, चयापचयाच्या प्रयोगात बाहेरचं अन्न म्हणजे सगळे आकडे संशयास्पद. तांदळाएवढी पापडी, वर्षातून एकदा! तीही सगळ्यांना सारखी! पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की उत्तर त्यांना आधीच माहीत होतं.

आता सांग, हे कुणी सांगितलं असेल? उंदीरघरात आम्ही दोघीच, मी आणि लुत्सिना. तिला माझी जागा हवी आहे. दोन वर्षं माझ्या डब्यातल्या कोबीच्या वड्या खाल्ल्या हिनं, आणि घरचे वासे मोजत बसली. तीन आठवडे मी तिच्याशी बोललेली नाही. जिन्यात भेटली, "गेनियाताई, ऐका ना," म्हणाली, तर मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. आणि तिचा दुष्टपणा बघ, काल मी दाराच्या काचेतून पाहिलं, ती बुटक्यांच्या पिंजऱ्यांतून एकेक शेगडी उचलून बाहेर नेत होती. थंडी सुरू झालीय, इरेक! माझ्यावरचा राग त्या जिवांवर कशाला?

तू गवोरेकांना एक पत्र लिही. एवढंच लिही की मी या बाईला ओळखतो, तिनं लिहिलेल्या तारखा खऱ्या आहेत. तुझ्या शब्दाला इथं वजन आहे. लगेच लिही.

मावशी

व्हिएन्ना, २७ ऑक्टोबर २००२

प्रिय मावशी,

वाचून वाईट वाटलं. पण मन शांत ठेव. कुणी सांगितलं, काय सांगितलं, हे उगाळून आता काय होणार? लुत्सिनाशी भांडू नकोस.

मी माझ्या परीनं इथून बोललो आहे. सगळ्यांच्या दृष्टीनं सोयीचं हेच की प्रकरण लवकर मिटावं. गवोरेक तुला एक कागद देतील, त्यावर पापडीचं तेवढं लिहिलेलं असेल, ते खरंच आहे, तू सही कर. निवृत्तीला तुला वर्षच राहिलं होतं. लेख मागं घ्यावा लागेल, माझंही नुकसान आहेच, पण निष्काळजीपणा कुणाच्या हातून होत नाही? लोक विसरतात.

शेगड्यांचा विषय मात्र काढू नकोस. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. काढलास तर ते म्हणतील, हेही बाईनं परस्पर केलं, आणि एकाचे दोन गुन्हे होतील. आणि आईच्या हृदयाचं तुला ठाऊक आहे. तिला आपल्या घरची नावं असल्या गोष्टीत ऐकवणार नाहीत. तू तिच्यासाठी तरी एवढं करशील, मला खात्री आहे.

तुझाच,
इरेक

लुब्लिन, २४ नोव्हेंबर २००२

इरेनेउश,

चौकशी बारा तारखेला झाली. टेबलामागं तिघं बसले होते. मधल्यानं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली: "पहिली पापडी दिली ती एकोणनव्वद साली. त्या वर्षी बॉयलर बिघडला..." आधी मला कळेचना की हे मला इतकं ओळखीचं का वाटतंय. मग त्यानं कागद माझ्यासमोर ठेवला. माझं अक्षर. वरचं "प्रिय इरेक" आणि नामदिनाच्या ओळी तेवढ्या नकलेत झाकल्या होत्या. "मोठ्या घरच्या विधवा" आलं तेव्हा त्यांतला एकजण हसला. म्हणजे तू म्हणालास ते खरं झालं, लोकांना वाचून दाखवलंस.

मी तरीही म्हटलं, नक्कल दुसऱ्या कुणी केली असेल. हे मी तुला लाजून सांगतेय, इरेनेउश: अक्षर डोळ्यांसमोर असतानासुद्धा मी तुझ्यासाठी पळवाट शोधत होते. आणि तुझं ऐकायचं नाही असं ठरवून मी शेगड्यांचं सगळं सांगितलं. गवोरेकांनी तिथूनच तुला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. तुझा आवाज आला. स्वच्छ, सर्दीसुद्धा नव्हती. "शेगड्या? नाही, मला यातलं काही ठाऊक नाही. पिर्कोशबाई मायाळू आहेत, पण थोड्या..." पुढचा शब्द तू गिळलास. मी खोलीत आहे हे तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तर हेच म्हणाला असतास का? मी बारा दिवस हेच विचारतेय स्वतःला, आणि उत्तर येतं: म्हणाला असतास, जरा गोड आवाजात.

वह्या त्यांनी मागितल्या. त्या तुझ्याकडं. तू सांगितलंस की घर बदलताना गहाळ झाल्या.

बाहेर आले तर जिन्यात लुत्सिना उभी होती. मी तिला मनात काय काय म्हटलं होतं ते इथं लिहवत नाही. ती म्हणाली, "ताई, शेगड्या मी नाही काढल्या, गवोरेकांचा लेखी हुकूम होता, सगळं लेखाप्रमाणं ठेवा." मग काचेतल्या लेखासमोर आम्ही दोघी उभ्या राहिलो, तिच्या मुलीच्या शब्दकोशासकट, आणि तिनं बोट ठेवून एक ओळ मला लावून दिली. "बुटके उंदीर केवळ बुटक्या उंदरांबरोबरच ठेवले होते." त्या ओळीसमोरून मी वर्षभर बादली घेऊन गेले. आणि त्या हंगेरियन बाईला मी म्हटलं होतं, पुन्हा नीट वाचा!

का केलंस ते मला आता कळतं. शेगडीचं लिहिलं असतंस तर कुणी म्हणालं असतं, निरोप नसल्यामुळे नव्हे, ऊब मिळाली म्हणून जगले. तुझं ते स्वच्छ, एक कारण एक परिणाम, मळलं असतं. अरे गाढवा, तुझं खरंच होतं! शेगड्या दांडग्यांच्या पिंजऱ्यातही होत्याच की, सगळे ढीग करून झोपायचे, म्हणून काय ते चार वर्षं जगले? आयुष्य त्यांना त्या न सुटलेल्या निरोपानंच दिलं. शेगडीनं नुसता हिवाळा काढून दिला. दोन ओळी लिहायच्या होत्या. त्या लिहिल्या असत्यास तर सेगेदचे उंदीर जगले असते आणि तुझा लेख आज खरा ठरला असता. खरं बोलायची लाज वाटली, कारण ते एका झाडूवालीनं सांगितलं होतं. आणि अंगाशी आलं तेव्हा माझी पापडी पुढं केलीस.

शेगड्या काढल्यापासून तीन आठवड्यांत आठ बुटके गेले. म्हातारबा दुसऱ्याच आठवड्यात. लुत्सिनानं सांगितलं, कोपऱ्यात कापसाखाली शिरला होता, अंग दगडासारखं. चार वर्षं, नऊ महिने. शेवटची तारीख मी लिहिली नाही, मला आत सोडत नव्हते. आता प्रयोगच बंद, म्हणून गवोरेकांनी उरलेल्यांना शेगड्या परत द्यायची परवानगी दिलीय.

कागदावर मी सही केली. पापडी दिली होती, ते खरं आहे. खऱ्यावर सही करायला मी कधी कचरले नाही. एक तारखेपासून मी घरी. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं फेला म्हणाली. हो, तिला मी सगळं सांगितलं. तिचं हृदय तुला वाटतं त्याहून टणक आहे. ती रडली नाही. तुझं कार्ड कपाटावरून उचलून तिनं खणात ठेवलं आणि मला चहा करून दिला.

तू माझा केसानं गळा कापलास, इरेनेउश. परक्यानं कापला असता तर मी आरडाओरडा केला असता. तुझ्या हातात सुरी असेल असं वाटलंच नाही, म्हणून मान पुढं केली. मला फार लागलंय. ते तू जाणावंस एवढ्यासाठी लिहिते, उत्तरासाठी नाही.

आता शेवटचं. चौदा तारखेला मी एमेशेबाईंना पत्र टाकलं. दुभाष्यानंच हंगेरियनमध्ये करून दिलं, फुकट. तुझ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. आधी क्षमा मागितली, मग एवढंच लिहिलं: प्रत्येक पिंजऱ्यात एक थोर मादी घाला, शांत स्वभावाची, पिल्लांचं वय उलटलेली, ती मेली की त्याच दिवशी दुसरी, आणि जन्ममृत्यूच्या तारखा रोज, विसरायच्या आत लिहा. आज त्यांची तार आली. सुरुवात केली म्हणतात. चाळीस बुटके आहेत.

तुझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्रीबाबांनी तुला प्रश्न विचारले होते. तू तीन आठवड्यांचा, दुपट्यात झोपलेला. तुझ्या वतीनं सगळी उत्तरं मी दिली, मोठ्यानं, गावासमोर. तेव्हापासून देतच आले. तुझ्या आईला, गवोरेकांना, त्या परक्या बाईलासुद्धा. आता सेगेदचे बुटके म्हातारे व्हायला तीन-चार वर्षं लागतील. मग लोक तुझ्या दारावरचं नाव वाचून आत येतील आणि विचारतील. तेव्हा उत्तर तुझं तू दे.

गेनोवेफा पिर्कोश